विंचेलांच्या वर्तुळातली शेवटची जागा

थर्झा विंचेलच्या पुढच्या दाराला तीन कुलपं होती आणि तिन्ही विंचेल कारखान्याची. त्यांच्या वर एक साखळी होती, ती मात्र दुसऱ्याच कुठल्या कंपनीची. सगळा भरवसा एका घराण्यावर टाकू नये, असं तिचं म्हणणं. त्याच घराण्यात लग्न होऊन तिचं आयुष्य गेलं होतं, ही गोष्ट वेगळी. किंवा वेगळी नसेलही.

हॅझलफोर्डमध्ये खाली नदीकाठी कारखाना, मधे उतारावर विंचेलांचे पांढरे बंगले, आणि सगळ्यांत वर, जिथे ऑगस्टातही वारा असतो तिथे, विंचेलांची दफनभूमी. कनेक्टिकटच्या त्या खोऱ्यात मेलेल्या विंचेलांची सोय जिवंत विंचेलांपेक्षा चांगली होती. मधोमध मूळपुरुष एल्नाथनचा उंच दगडी खांब. त्याच्याभोवती गोल कडी करून बाकीचे निजलेले, प्रत्येकाचे पाय खांबाकडे. न्यायाच्या दिवशी कर्णा वाजला की सगळे उठून बसणार आणि पहिलं तोंड दिसणार ते एल्नाथनचं. इतर गावांत अशा वेळी देवाला बघायची पद्धत आहे.

या एल्नाथनने गोठ्यामागच्या लोहारशाळेत एक कुलूप बनवलं होतं. त्यात चुकीची किल्ली घातली की ते किल्लीच धरून बसायचं, सोडायचंच नाही. चोराला आपली किल्ली तिथेच टाकून पळावं लागे, आणि सकाळी मालक ती किल्ली घेऊन गावभर फिरे. त्या एका कुलपावर घराणं उभं राहिलं. मुलगा जोसाया याने कारखाना बांधला आणि बँकांच्या तिजोऱ्यांना घड्याळाची कुलपं लावली, नातवांनी पेटंटांवर पेटंटं काढली, पतवंडांनी ती विकून बोटी घेतल्या.

थर्झाचा नवरा एम्स हाही विंचेलच, पण खालच्या फाटकातून पत्र्याचा डबा घेऊन आत जाणारा विंचेल. एल्नाथनच्या धाकट्या मुलाचा, लुशियसचा, हा नातू. लुशियसने आयुष्यभर कानशीच चालवली. कारखान्यात त्याला ना वाटा मिळाला ना खुर्ची. त्याचं कामाचं टेबल मुलाकडे आलं, मुलाकडून एम्सकडे. वरच्या बंगल्यांतले भाऊबंद पगाराच्या दिवशी खिडकीतून हात हलवत, आणि एम्सही हलवी. त्याला राग म्हणून येत नसे. थर्झाला दोघांच्या वाट्याचा येई.

लग्नाआधी ती माल भरायच्या खोलीत होती. डोंगरावरच्या शेतातून आलेली, हाडं मोठी, ओठ घट्ट. तपासून आलेलं प्रत्येक कुलूप ती खोक्यात घालण्याआधी पुन्हा उघडून बघे आणि पसंत नाही पडलं तर परत पाठवी. एकाच टेबलाची कुलपं सारखी परत यायला लागली, तेव्हा एम्स वर बघायला आला.

"ही तपासलेली आहेत, बाई."

"कोणी तपासली?"

"मी."

"म्हणूनच परत पाठवली."

एम्स म्हणे, त्या क्षणी त्याने ठरवलं की ही आपल्या बाजूने असलेली बरी.

तर अशी थर्झा. खाटकाच्या तराजूपेक्षा ती त्याच्या अंगठ्याकडे जास्त बघे. दूधवाला हसला तर दुधात काय आहे म्हणे, नाही हसला तर काय लपवतोय म्हणे. पाद्रीबुवांनी एका रविवारी शेजाऱ्यावर प्रेम करा असं सांगितलं, तर घरी येताना तिने एम्सला विचारलं, "आपल्या शेजाऱ्यांनी यांना काय दिलं असेल रे?" एम्स म्हणायचा, "आमच्या थर्झाला सकाळी सूर्य दाखवला तर ती विचारेल, कालचाच का?" तो गेल्याला आता बारा वर्षं झाली होती. तिसऱ्या कड्यात, खांबाकडे पाय करून तो निजला होता, आणि त्याच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी होती. ती थर्झाची. घराण्याचा नियमच होता तसा. रक्ताचा विंचेल आणि त्याची लग्नाची जोडीदारीण, एवढ्यांनाच वर्तुळात जागा.

म्हणून जूनमधल्या त्या दुपारी प्रेस्कॉट विंचेल दारात उभा राहिला आणि "कसं काय, कझिन थर्झा?" म्हणाला, तेव्हा तिने आधी त्याच्या हातांकडे बघितलं. हातात स्ट्रॉबेरीची टोपली होती. वरच्या बंगल्यातून बारा वर्षांत काही आलं नव्हतं, आणि आज स्ट्रॉबेरी.

प्रेस्कॉट म्हणजे जोसायाचा पणतू, शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेला. आता तो घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढत होता. त्या ग्रंथात प्रत्येक विंचेलला एक क्रमांक असे, आणि वरचे लोक एकमेकांना नावापेक्षा क्रमांकाने जास्त ओळखत असं थर्झाला वाटे.

तिने साखळी काढली, पण दार अर्धंच उघडलं. प्रेस्कॉट आडवा होऊन आत आला.

"बस. स्ट्रॉबेरी कशाबद्दल?"

"अहो, सहज."

"सहज काय असतं?"

प्रेस्कॉट खुर्चीच्या कडेवर बसला. बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली, पुन्हा गुंतवली. "एक अडचण आहे," तो म्हणाला. "वर दफनभूमीच्या जुन्या भागात आम्ही काटेरी झुडपं काढली. खाली एक लहान दगड सापडला. लुशियस, एल्नाथन आणि मर्सी यांचा मुलगा, वय वर्षं चार."

"मग?"

"लुशियस चार वर्षांचा असताना गेला, तर एम्सचे आजोबा कोण?"

थर्झाने एक नि:श्वास टाकला. मास्तर असून एवढंही कळू नये. "पोर गेलं की पुढच्या पोराला तेच नाव ठेवायचे पूर्वी. माझ्या आजीच्या घरी तीन अबायजा झाले. दोन गेले, तिसरा टिकला. गाव भरलंय अशा दगडांनी."

"मीही तेच म्हटलं," प्रेस्कॉट म्हणाला. "पण शेजारीच मर्सीचा दगड आहे. त्याच आठवड्यातला. लाल ताप आला होता तेव्हा. आई आणि मुलगा बरोबरच गेले, आणि एल्नाथनने पुन्हा लग्न केलं नाही. मग पुढचं पोर झालं कुणाला?"

स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारायला लागली. थर्झा उठली नाही.

"तुझ्या मनात काय आहे ते बोल."

"मला वाटतं, तो बांधील पोर असावा. त्या काळी गाव अनाथ मुलांना असं घराघरांत लावून द्यायचं, एकविसाव्या वर्षापर्यंत काम, त्याबदल्यात जेवण. एल्नाथनने असाच एक आणला आणि गेलेल्या मुलाचं नाव त्याला दिलं. सिद्ध करता येणार नाही. पण नव्या आवृत्तीत मला त्या शाखेवर शंकेची खूण करावी लागेल. ऑगस्टात घराण्याच्या मेळाव्याला सगळ्यांसमोर ठेवीन, मत घेऊ."

"आणि खूण झाली तर?"

प्रेस्कॉटने गालिचाकडे बघितलं. "एम्सला कोणी हात लावणार नाही. तशी बेअदबी आपल्यात नाही."

"मी एम्सचं नाही विचारलं."

"खालच्या बाजूला नवा भाग केलाय," तो म्हणाला. "छान मॅपल आहेत तिथे."

तो गेल्यावर थर्झाने तिन्ही कुलपं लावली, साखळी लावली, आणि स्ट्रॉबेरीची टोपली कुंपणावरून शेजारी देऊन टाकली.

शेजारी मिसेस झालेस्का राहायची. पोलंडहून आलेली, नवरा कारखान्याच्या भट्टीवर होता, तोही गेलेला. दोघी तीस वर्षं एका कुंपणाला टेकून बोलत होत्या आणि अजून एकमेकींना मिसेस म्हणत होत्या.

"पण मिसेस विंचेल," झालेस्का स्ट्रॉबेरी तोंडात टाकत म्हणाली, "जिवंतपणी ज्यांच्या टेबलावर बसवत नाहीत तुम्हाला, त्यांच्यात मेल्यावर कशाला निजायचंय? आमच्याकडे या. सेंट स्टॅनिस्लॉस चर्चच्या मागे भरपूर जागा आहे, आणि गप्पा मारायला मी असेन."

"मला त्यांच्यात नाही निजायचं. मला एम्सजवळ निजायचंय. तो घोरतो."

"आता नसेल घोरत."

"तुम्हाला काय माहीत?"

झालेस्का हसली, मग थर्झाचं तोंड बघून थांबली. एम्सला वर न्यायचं तेव्हा थर्झाच्या मनात नव्हतं. तिला भिंतीकडेला साधी जागा चालली असती. पण शेवटच्या दिवसांत एम्स म्हणाला होता, आजोबांच्या मागे ठेव मला, आणि तू ये मागनं, घाई नको करूस. तिने "येते" म्हटलं होतं. थर्झा फारशी वचनं देत नसे, कारण घेणारा काय करील याचा तिला भरवसा नसे. हे एक दिलं होतं.

"पण त्या मास्तराला हे उकरून काय मिळणार?" झालेस्काने विचारलं.

इथे थर्झाच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं. बरोबर. मिळणार काय? आणि उत्तर तर समोरच होतं.

प्रेस्कॉटची तीन लग्नं झाली होती. पहिल्या दोघी, योगायोगाने दोघीही एलीनोर, वर्तुळात निजल्या होत्या, मधे त्याची स्वतःची जागा राखलेली, एकीकडे एक, दुसरीकडे दुसरी. तिसरी बायको कोरा मात्र चांगली ठणठणीत होती, रोज पोहायला जायची, आणि तिला जागा नव्हती. सगळ्या वर्तुळात मोकळ्या जागा उरल्या होत्या तीनच. एक प्रेस्कॉटची. एक म्हाताऱ्या ऑगस्टा आत्याची. तिसरी एम्सच्या डाव्या हाताची.

"तिसरीची सोय करतोय मास्तर," थर्झा म्हणाली.

"येशू, मारिया!" म्हणत झालेस्काने आणखी एक स्ट्रॉबेरी घेतली.

त्यानंतर थर्झा रोज टेकडी चढायला लागली. गुडघे नको म्हणत, पण गुडघ्यांवरही तिचा विश्वास नव्हता. एकदा तिने प्रेस्कॉटला मोजपट्टी धरून एम्सच्या कबरीशेजारी वाकलेला बघितला. लायलकच्या झुडपामागे उभी राहून तिने शेवटपर्यंत बघितलं. मोजलं, कागदावर काहीतरी काढलं, पुन्हा मोजलं. जागा मोजतोय. दुसऱ्यांदा कोराच आली. पांढरे बूट, डोक्याला रुमाल. ती तिसऱ्या कड्यापाशी येऊन थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि बुटाच्या टोकाने गवत दाबून बघितलं, गादी बघावी तसं. थर्झाच्या अंगाचा असा तिळपापड झाला की लायलकची फांदी मोडून हातात आली.

घरी येऊन ती आरशासमोर भाषण पाठ करायला लागली. मेळाव्यात उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर कोराचं नाव घ्यायचं. बस. त्या दोघांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही, मग जागा मागतील कुठली.

मेळावा दरवर्षी बारा ऑगस्टला, जोसायाच्या वाढदिवशी, ऑगस्टा आत्याच्या हिरवळीवर भरे. लांब टेबलं, पांढरी कापडं, पिठाच्या पापुद्र्याखाली कोंबडी भरून भाजलेले चिकन पाय, बीन्स, मक्याची कणसं, आणि प्रत्येकाच्या छातीवर शाखेप्रमाणे रंगीत फीत. जोसायाची शाखा निळी. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळंच निळं. लुशियसची शाखा तपकिरी, आणि तपकिरी फीत लावलेली थर्झा एकटी, ब्राऊन ब्रेडच्या तुकड्यांशेजारी बसवलेली. कोणी मुद्दाम केलं नसेल. थर्झाला मुद्दाम वाटलं.

ऑगस्टा आत्या वरच्या बाजूला वेताच्या खुर्चीत होती. जोसायाची ती शेवटची जिवंत मुलगी, नव्वदीला टेकलेली, कानाने ठार. तिच्या डोक्यावर दोन एल्म झाडांना बांधलेला कापडी फलक होता, तिच्या आईने रेशमाने भरलेला, दरवर्षी पेटीतून निघणारा: जोसाया विंचेल, जन्म १२ ऑगस्ट १८४०.

जेवणाआधी घराण्याची गोष्ट वाचायची असते. आधी गोष्ट, मग प्रार्थना, मग पाय. प्रेस्कॉट चष्मा लावून उभा राहिला. थर्झा इतकी वर्षं या मेळाव्याला येत होती, पण गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. त्या वेळात ती पायचा वरचा पापुद्रा बघून आत कोंबडी किती असेल याचा अंदाज घेई. यंदा मात्र तिने कान टवकारले. प्रेस्कॉट बोलतोय म्हणजे त्यात काहीतरी पेरलेलं असणार.

"सन अठराशे एकोणचाळीसच्या एप्रिलात," प्रेस्कॉट वाचू लागला, "एल्नाथन विंचेल आपलं कुलूप घेऊन एकटाच समुद्रापार लंडनला गेला. तिथल्या एका पेढीच्या दाराला त्याने ते लावलं आणि जाहीर केलं, उघडेल त्याने आतलं सगळं न्यावं. लंडनचे नामांकित कारागीर आले आणि आपापल्या किल्ल्या तिथे अडकवून गेले. दोन हिवाळे एल्नाथन त्या दारासमोर बसून राहिला. दोन हिवाळे त्याने आपली चूल पाहिली नाही, पत्नीचं मुख पाहिलं नाही. अठराशे एक्केचाळीसच्या जूनमध्ये, कुणीही न उघडलेलं आपलं कुलूप घेऊन तो हॅझलफोर्डला परतला."

टाळ्या पडल्या. थर्झाने टाळी वाजवली नाही. तिची नजर प्रेस्कॉटच्या डोक्यावरून वर गेली होती, फलकाकडे. मग ती खाली आली. मग पुन्हा वर गेली.

तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा जुळवून बघितलं. माल भरायच्या खोलीतली सवय. तपासलेलं असलं तरी.

प्रेस्कॉटने प्रार्थनेआधी आपला विषय काढला. फार सभ्यपणे. छोटा दगड, मर्सीचा दगड, बांधील पोर असण्याची शक्यता. "कुणाच्याही मनाला लागावं असा हेतू नाही," तो म्हणाला, "पण कुलवृत्तांत म्हणजे काही जाहिरात नव्हे. जिथे शंका आहे तिथे खूण पाहिजे." निळ्या फितींनी माना हलवल्या. हार्डवेअरचं दुकान चालवणारा विल्बर विंचेल म्हणाला, "रास्त आहे." कोरा कणसाला लोणी लावत होती.

थर्झा उभी राहिली. पाठ केलेलं भाषण घशापर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

"प्रेस्कॉटचं बरोबर आहे," ती म्हणाली.

हे कोणाला अपेक्षित नव्हतं. प्रेस्कॉटला तर नव्हतंच. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की थर्झाला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच.

"शंका असेल तिथे खूण करा. फक्त तपकिरी फितीपाशी थांबू नका. सगळ्यांना तपासा, एवढंच माझं म्हणणं. आत्ता एक गोष्ट ऐकली. माणूस एकोणचाळीसच्या एप्रिलात गेला तो एक्केचाळीसच्या जूनमध्ये आला, आणि मधे घरी फिरकला नाही. छान गोष्ट आहे. आता जरा वर बघा, फलकाकडे. आज आपण कुणाचा वाढदिवस करतोय, आणि कुठल्या सालातला?"

आधी काहीच झालं नाही. लोकांनी वर बघितलं, जसं पाऊस येतोय का बघतात तसं. मग टेबलाच्या मधल्या भागातून एक बाई हळूच "अगं बाई" म्हणाली. मग पांढऱ्या कापडाखाली बोटं हलायला लागली. एकेक बोट अंगठ्याला लागत होतं. एप्रिल, मे, जून, जुलै. विल्बरचे ओठ हलत होते, आणि जानेवारीवर येऊन ते थांबले. मूळपुरुषाच्या लेकरांनी जगभरच्या तिजोऱ्यांना घड्याळाची कुलपं लावली होती, ठरल्या मिनिटाला उघडणारी. पिढ्यान्‌पिढ्या तेच लोक त्या फलकाखाली तीच गोष्ट वाचून टाळ्या वाजवत आले, आणि नऊ महिने मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" ऑगस्टा आत्याने हात कानाशी नेला. "कोणीतरी सांगा. काय म्हणाली?"

कोणी सांगेना. तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या भाच्यांनी आपापल्या ताटात बघितलं. जोसायाच्या लेकीच्या कानात ओरडून हे सांगायचं कसं, आणि ओरडायचं म्हणजे तर खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाणार.

"लुशियस काकांचं काहीतरी चाललंय," शेवटी एकजण म्हणाला.

"लुशियस काका?" आत्या म्हणाली. "आजोबांनी त्यांची जागा स्वतः आखली होती. पहिल्या कड्यात. बाबांची दुसऱ्या बाजूला. मी होते तिथे, फ्रॉक घालून. त्यात बोलायचंय काय एवढं? वाढा. पाय निवतोय."

विल्बर इतक्या झटक्यात उठला की त्याची खुर्ची मागे पडली. "मी सुचवतो," तो म्हणाला, "की जुन्या आवृत्तीत जे आहे ते नव्या आवृत्तीत जसंच्या तसं राहावं. एकाही खुणेशिवाय. अनुकूल?"

निळ्या फितींचे हात शेतातल्या कणसांसारखे वर आले. प्रेस्कॉटचा हात सगळ्यांत शेवटी आला, आणि अर्धाच.

थर्झा बसली आणि तिने पायचा मोठा तुकडा घेतला. त्यात कोंबडी कमी होती.

जिंकूनही तिला स्वस्थता नव्हती. मतं काय, आज दिली, उद्या फिरवली. आपण डोळे मिटले की आपल्याला नेणार कोण? हेच लोक. मग कोराला तिथे घालून वर गवत लावलं, तर एम्स काय उठून सांगणार आहे? म्हणून सप्टेंबरात ती पाथरवट तेस्ताच्या आवारात गेली.

"नाव, जन्मसाल, आणि पुढे आडवी रेघ," ती म्हणाली. "रेघेच्या पुढची जागा कोरी ठेव. आणि दगड असा बसव की दोन बैलांनीही हलू नये."

"सिन्योरा," तेस्ता म्हणाला, "बैल कशाला जातील तिथे?"

"बैलांची भीती नाहीच मला."

दगड बसला. थर्झा दुसऱ्या दिवशी वर गेली, त्याला खांदा लावून बघितला, आणि दम घेत एम्सला म्हणाली, "झालं बाबा तुझ्या मनासारखं." तेवढ्यात मागे पावलं वाजली. कोरा होती. तेच पांढरे बूट.

"छान दिसतोय," कोरा म्हणाली. "तिरका नाही बसवला. त्यांनी दुसऱ्या एलीनोरचा तिरका बसवलाय."

"बघायला आलात? तुमची निराशा झाली असेल."

कोराने तिच्याकडे बघितलं. मग तिला उलगडलं, आणि ती इतकी हसली की तिला एलीनोरच्याच दगडावर हात टेकावा लागला. "मला? इथे? अहो मिसेस विंचेल, हयातभर त्या दोघींच्या तसबिरींखाली जेवतेय मी. मेल्यावरही शेजार? माझी माणसं व्हरमाँटला आहेत, तळ्याकाठी. मी तिकडे जाणार. लग्नाच्या आधीच सांगितलंय मी प्रेस्कॉटला."

"मग त्या दिवशी बुटाने गवत दाबून काय बघत होतात?"

"चिचुंद्र्या. जमीन पोखरतात. माझ्या बागेत आल्या, म्हटलं इकडून येतात का बघावं."

 कोरा खोटं बोलतेय का, हे थर्झाने आपल्या सगळ्या पद्धतींनी तपासून बघितलं. कुठेच काही अडकलं नाही.

"मग त्याने हे उकरलं कशासाठी?"

"दगड सापडला म्हणून. नव्या आवृत्तीत नकाशा घालायचा म्हणून सगळ्याच कबरी मोजत होता तो," कोरा म्हणाली. "आधी चार रात्री झोप नव्हती त्याला, तुम्हाला कसं सांगावं म्हणून. आता तर बोलतच नाही. फलकाचं ऐकल्यापासून वंशावळीचे कागद पसरून बसतो आणि आपल्याच पणजोबांकडे बघत राहतो. जेवतोसुद्धा तिथेच. तुम्ही जिंकलात ते चांगलंच झालं हो, मला तुमच्याबद्दल काही नाही. पण तो काही जिंकायला निघाला नव्हता."

थर्झा टेकडी उतरली. तिच्या घराकडे जायला डावीकडे वळायचं असतं. ती उजवीकडे वळली.

प्रेस्कॉटच्या दाराला एकच कुलूप होतं आणि तेही लावलेलं नव्हतं. हे बघून तिला जरा त्रासच झाला. तो अभ्यासिकेत होता, दाढी वाढलेली, समोर थंड झालेलं सूप.

"कझिन थर्झा," तो उठत म्हणाला. "आता आणखी काय?"

"बस. एक सांग. ती लंडनची गोष्ट पहिल्यांदा कुठे छापली?"

"कारखान्याच्या किंमतपत्रकात. जुन्या. पहिल्याच पानावर."

"म्हणजे कुलपं विकायला."

"हो, पण..."

"तू तिथे सगळ्यांना सांगितलंस, कुलवृत्तांत म्हणजे जाहिरात नव्हे. आणि आधी वाचलीस ती जाहिरातच. अरे, मी त्या खोलीत माल भरलाय. तुमच्या पत्रकात काय काय छापायचे मला माहीत आहे. 'आगीत टाका, पुरात टाका.' टाकून बघितलं का कोणी? दोन हिवाळे बायकोचं तोंड बघितलं नाही म्हणे. बघितलं असेल. शरदात आला असेल जहाजाने, कुलपाच्या राखणीला कुणाला तरी बसवून. पण 'मधे एकदा घरी जाऊन आला' असं छापलं तर कुलूप कोण घेणार?"

प्रेस्कॉट चष्मा पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसत राहिला. "हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणताय?"

"संशयाच्या."

"पुरावा नाही?"

"तुझ्याकडे तरी कुठे आहे? जाहिरातीवर विश्वास ठेवून मूळपुरुषच गमवायला निघालास. मास्तर ना तू?"

तो हसला नाही, पण त्याने सूप जवळ ओढलं आणि एक चमचा घेतला. थंड सूप खाताना माणसाचं जसं तोंड होतं तसं त्याचं झालं. मग तो हळूच म्हणाला, "आणि लुशियस?"

थर्झाने खिडकीबाहेर बघितलं. तिथून टेकडी दिसत होती, खांबाचं फक्त टोक.

"बांधील पोरच होता तो," ती म्हणाली. "तू म्हणालास तसा. एम्सच्या घरात एकाचंही नाक तुमच्यासारखं नव्हतं. मी लग्नात बघितलं होतं."

"मग मी काय छापू?"

"छाप तुला छापायचं ते," थर्झा उठत म्हणाली. "माझा दगड बसलाय. आणि मी गेल्यावर दाराला कुलूप लावून घे."